चाळिशीत अमेरिकेत कॉलेज: पेल ग्रँटवर किती विसंबायचं?

भावाने नाहीतर बहिणीने कधीकाळी अर्ज भरून ठेवलेला असतो. नंबर लागेपर्यंत दोन दशकं जातात आणि मग अख्खं कुटुंब ग्रीन कार्ड घेऊन एडिसनला किंवा फ्रीमॉन्टला येऊन उतरतं. कुणी दुकानात लागतं, कुणी वेअरहाऊसमध्ये, मुलं शाळेत रुळतात. सहा महिन्यांत घरात विषय निघतोच की इथलं काहीतरी शिकल्याशिवाय बरी नोकरी मिळायची नाही. नर्सिंग, अकाउंटिंग, रेडिओग्राफी, जे जमेल ते. पण फी कोण भरणार? मंडळाच्या कार्यक्रमात एकजण सांगतो, "पेल ग्रँट मिळते की, फुकट शिका." दुसरी म्हणते, "अहो, ती अठरा वर्षांच्या पोरांसाठी असते."

दुसरीचं म्हणणं साफ चूक आहे. पहिल्याचं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच लोकांची फसगत होते. पेल ग्रँट ही अमेरिकेच्या केंद्र सरकारची, उत्पन्न पाहून दिली जाणारी आणि परत न करायची मदत. १९७२ साली योजना सुरू झाली, १९८० मध्ये तिला ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांचं नाव मिळालं. तिला वयाची अट नाही. उलट वय तुमच्या बाजूने आहे, कारण चोवीस पूर्ण झाली की आईवडिलांचं उत्पन्न विचारतच नाहीत. लग्न झालेलं असेल किंवा स्वतःची मुलं असतील तर चोवीसच्या आधीही नाही. मोठ्या माणसाला आडवं येतं ते वय नव्हे. आडव्या येतात दोन गोष्टी: व्हिसा आणि आधीची पदवी. म्हणून उत्पन्नाचे आकडे मांडण्याआधी त्या दोन तपासा.

पहिली पायरी: स्टेटस

ही पटकन उरकते. अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर पुढे वाचा. निर्वासित म्हणून प्रवेश किंवा आश्रय मिळालेल्यांनाही दार उघडं आहे. एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा), एफ-१ (विद्यार्थ्याचा) यांना पेल नाही. एच-४ वर काम करायची परवानगी हातात असली तरी नाही, आणि ग्रीन कार्डची फाइल "शेवटच्या टप्प्यात" असली तरी नाही. कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागतं. तोवरच्या सोयीबद्दल शेवटी लिहिलं आहे.

एक भीती इथेच काढून टाकतो. पेल घेतली तर पुढे नागरिकत्व अडतं, असं बरेच जण कुजबुजतात. नागरिकत्वाच्या अर्जात सरकारवर भार होण्याची कसोटीच नसते. खरी माहिती देऊन घेतलेली ग्रँट तिथे आडवी येत नाही.

दुसरी पायरी: पदवीचा तिढा

मराठी घरांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इथे, म्हणून जरा सविस्तर.

पेल फक्त पहिल्या बॅचलर्स पदवीपर्यंत मिळते, आणि ती पदवी जगात कुठेही मिळवलेली असली तरी ती धरली जाते. "आपली डिग्री इथे कुणी मानत नाही" हे नोकरीच्या बाजारात कटू सत्य असेल, पण ग्रँटच्या ऑफिसात ते चालत नाही. बीई, बीटेक, बीफार्म, एमबीबीएस झालेल्यांनी पेलचा विचार सोडून द्यावा. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या केलेली बीए हीसुद्धा पदवीच.

याउलट बारावीवर थांबलेले, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेले, आयटीआय झालेले, बारावीनंतर डीएड केलेले, आणि टीवायला विषय राहिले ते राहिलेच, अशा सगळ्यांना पेल खुली आहे. घरच्यांनी ज्या गोष्टीवरून पंधरा वर्षं टोमणे मारले ती अर्धवट बीकॉम इथे चक्क उपयोगी पडते.

मधले कोण? तीन वर्षांची बीए, बीकॉम, बीएस्सी झालेले. अमेरिकेतली बॅचलर्स चार वर्षांची असते. परदेशी पदवी तिच्या बरोबरीची आहे का, हे ठरवायचा अधिकार त्या त्या कॉलेजचा असतो. तुमची पदवी अमेरिकन बॅचलर्सच्या तोडीची नाही असं लेखी तुमच्याकडे असेल, तर कॉलेज "पदवी नाही" असं धरू शकतं. धरेलच असं नाही. हे लेखी मिळतं ते मूल्यांकन करणाऱ्या संस्थांकडून. आपल्या लोकांत डब्ल्यूईएस (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) हे नाव सर्वांत ओळखीचं, पण तशा संस्था बऱ्याच आहेत आणि तीन वर्षांच्या भारतीय पदवीबद्दल त्यांचं एकमत नाही. कुणी ती बॅचलर्सच्या बरोबरीची मानतं, कुणी "तीन वर्षांचं पदवीस्तराचं शिक्षण" एवढंच लिहितं. दुसऱ्या प्रकारचा अहवाल मिळाला तर दुहेरी फायदा संभवतो: जुन्या विषयांचे काही क्रेडिट्स (अभ्यासक्रम मोजायची एककं) लागू होतात आणि पेलचं दारही बंद होत नाही.

म्हणून मूल्यांकनाचे पैसे भरण्याआधी ज्या कॉलेजात जायचं तिथल्या फायनान्शियल एड ऑफिसला ईमेल करा. फोन नको, ईमेलच; उत्तर लेखी राहतं. दोनच प्रश्न विचारा. भारतातल्या तीन वर्षांच्या पदवीला तुम्ही बॅचलर्स धरता का? आणि कोणत्या संस्थेचा अहवाल तुम्हाला चालतो?

आता न आवडणारं बोलतो. "डिग्री आहे हे सांगूच नका, कुणाला कळतंय" हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल, बहुधा प्रेमाने. तो ऐकू नका. पदवी आहे का हा प्रश्न ग्रँटच्या अर्जावर, म्हणजे फॅफ्सा नावाच्या फॉर्मवर, सरळ विचारलेला असतो. खोटी माहिती दिल्यास वीस हजार डॉलरपर्यंत दंड, तुरुंगवास किंवा दोन्ही, अशी ताकीद त्याच फॉर्मवर छापलेली असते. शिवाय नागरिकत्वाचा अर्ज पुढे कधीतरी करायचाच आहे, आणि सरकारपुढे खोटं बोलून पैसे घेतल्याची नोंद तिथे मात्र नक्की आडवी येते.

तिसरी पायरी: उत्पन्न कुठलं, कुठल्या वर्षाचं

दोन वर्षांपूर्वीचं. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षासाठी २०२४ सालचं उत्पन्न पाहतात. लग्न झालं असेल तर दोघांचं मिळून.

पूर्ण पेल मिळेल की नाही हे केंद्र सरकारच्या दारिद्र्यरेषेच्या पटीत ठरतं. नवरा-बायको आणि दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबासाठी २०२४ ची रेषा ३१,२०० डॉलर होती (अलास्का आणि हवाईची वेगळी). तिच्या १७५ टक्के, म्हणजे ५४,६०० डॉलरपर्यंत समायोजित एकूण उत्पन्न असेल तर पूर्ण ग्रँट. हा आकडा टॅक्स रिटर्नवर 'एजीआय' म्हणून छापलेला असतो. त्याच कुटुंबाला ३५० टक्के, म्हणजे १,०९,२०० डॉलरपर्यंत निदान किमान ग्रँट मिळायची शक्यता राहते. मूल एकट्याने वाढवणाऱ्यांना मर्यादा सैल आहेत: पूर्ण ग्रँटसाठी २२५ टक्के, किमानसाठी ४०० टक्के. आई आणि एक मूल असेल तर पूर्ण ग्रँटची रेषा ४५,९९० डॉलरवर येते. मूल नसलेल्या जोडप्याला मात्र ५६,२१० डॉलरच्या वर किमान ग्रँटचाही हक्क उरत नाही.

मधल्या पट्ट्यातल्यांचा हिशोब 'स्टुडंट एड इंडेक्स' या आकड्यावरून होतो. पूर्ण ग्रँटमधून तो वजा केला की उरेल ती तुमची ग्रँट, असा साधारण प्रकार. या आकड्यात बचत आणि गुंतवणूकही येते. राहतं घर आणि निवृत्तीची खाती सोडलेली आहेत, पण पुण्यातला भाड्याने दिलेला फ्लॅट सोडलेला नाही. तुमच्या नावावरच्या बँकेतल्या एफडीही सोडलेल्या नाहीत. २०२६-२७ पासून हा इंडेक्स पूर्ण ग्रँटच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त आला तर पेल मिळतच नाही. तेव्हा उत्पन्न कमी पण गावाकडे इस्टेट भरपूर, अशांनी जपून.

कुटुंबात कुणाला मोजायचं यातही चुका होतात. तुमच्याबरोबर राहणारे आणि निम्म्याहून जास्त तुमच्या खर्चावर असणारे, एवढेच मोजायचे. साताऱ्याला राहणाऱ्या सासू-सासऱ्यांना दर महिन्याला पैसे पाठवत असलात तरी ते या यादीत बसत नाहीत.

आता नुकतेच आलेल्यांचा प्रश्न. २०२४ मध्ये तुम्ही भारतातच होतात, इथलं टॅक्स रिटर्न नाही. मग तिथलं उत्पन्न फॉर्म भरायच्या दिवशीच्या दराने डॉलरमध्ये करून लिहायचं. वर्षाला बारा लाखांची नोकरी होती आणि डॉलर नव्वद रुपयांचा धरला, तर १३ हजार डॉलर आणि थोडे वर होतात. म्हणजे तिकडे सुखवस्तू असलेलं घर इथल्या मोजपट्टीवर पूर्ण ग्रँटमध्ये बसतं. यात लबाडी काही नाही, नियमच तसा आहे. फक्त आयटीआर आणि फॉर्म १६ तयार ठेवा, कारण अशा अर्जांवर कॉलेज कागद मागतं. आणि दोन वर्षांनी इथल्या दोन पगारांवर हिशोब होईल तेव्हा ग्रँट घटू किंवा संपू शकते, हे आजच धरून चाला.

उलटही घडतं. २०२४ मध्ये कमाई जोरात होती आणि आता नोकरी गेली आहे. घटस्फोट झाला, जोडीदार गेला. फॉर्मवर जुना आकडाच येतो, पण एड ऑफिसला तो बदलायचा अधिकार कायद्याने दिला आहे. त्याला 'प्रोफेशनल जजमेंट' म्हणतात. नोकरी गेल्याचं पत्र, शेवटची पे-स्टब, बेकारी भत्त्याची कागदपत्रं जोडून लेखी विनंती करा. या वाटेने कुणी आपणहून नेत नाही, मागावं लागतं.

आणि एक स्पष्टच सांगायला हवं. घरात एक सॉफ्टवेअरचा पगार पूर्ण चालू असेल तर पेलच्या नादाला लागू नका. बसत नाही.

चौथी पायरी: फॅफ्सा भरणं

अर्ज एकच, सगळे त्याला फॅफ्सा म्हणतात. तो स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर फुकट भरता येतो. पैसे घेऊन भरून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला. फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. केंद्राची अंतिम तारीख शैक्षणिक वर्षाच्या शेवटी, ३० जूनला, म्हणजे २०२६-२७ साठी ३० जून २०२७ ला येते. पण राज्यांच्या आणि कॉलेजांच्या तारखा बऱ्याच आधी असतात, तेव्हा त्या ३० जूनवर डोळा ठेवून बसू नका.

फॉर्मपेक्षा जास्त वेळ नावात जातो. बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव. लग्नानंतरच्या पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. सोशल सिक्युरिटी कार्डावर कारकुनाने नवऱ्याचं नाव मधल्या रकान्यात टाकलेलं, किंवा पहिल्या नावालाच चिकटवलेलं. फॅफ्सावर नाव आणि जन्मतारीख सोशल सिक्युरिटी कार्डाप्रमाणे अक्षरशः तशीच हवी. तपासणी संगणक करतो, त्याला माहेर-सासर कळत नाही. कार्डच चुकलं असेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या. कॉलेजला बारावीची गुणपत्रिका देताना लग्नाचा दाखला सोबत जोडा, म्हणजे दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे सिद्ध होतं.

ग्रीन कार्डवरचा 'ए-नंबर' फॉर्मवर लागतो. टॅक्सची माहिती आयआरएसकडून (केंद्राच्या आयकर खात्याकडून) थेट घेण्याची संमती द्यावीच लागते. दिली नाही तर ग्रँट नाही, मग उत्पन्न शून्य असलं तरी. नवरा-बायकोने एकत्र रिटर्न भरलं असेल तर एकाची संमती पुरते. त्या वर्षी एकत्र रिटर्न नसेल, नव्याने आलेल्यांचं नसतंच, तर जोडीदाराला स्वतःचं खातं उघडून आपला भाग भरावा लागतो. तो भाग न भरल्याने अर्ज अर्धवट पडून राहणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. जोडीदाराला शेजारी बसवूनच फॉर्म उघडा.

पाचवी पायरी: कॉलेजचं पत्र वाचणं

काही आठवड्यांनी कॉलेजकडून मदतीचा प्रस्ताव येतो. त्यात ओळीखाली ओळ असते: पेल ग्रँट इतके, राज्याची ग्रँट इतके, सबसिडाइज्ड लोन इतके, अनसबसिडाइज्ड लोन इतके. खाली एकूण बेरीज, आणि ती बघून जीव हरखतो. लोनच्या ओळींवर काट मारा आणि मग बेरीज करा. लोन हे कर्ज आहे; 'सबसिडाइज्ड' म्हणजे फक्त शिकत असेपर्यंत व्याज सरकार भरतं. ते नाकारून नुसती ग्रँट घेता येते.

पूर्ण पेल २०२३-२४ पासून वर्षाला ७,३९५ डॉलरवर थांबलेली आहे. हा आकडा पूर्णवेळ विद्यार्थ्याचा, म्हणजे सत्राला किमान १२ क्रेडिट्स घेणाऱ्याचा. नोकरी आणि घर सांभाळून १२ क्रेडिट्स क्वचितच झेपतात. सहा घेतले तर निम्मी ग्रँट, तीन घेतले तर पाव. लोक ७,३९५ डोक्यात ठेवून बसतात आणि हातात निम्मे येतात.

फ्रीमॉन्टच्या ओलोनी कॉलेजचं उदाहरण घ्या. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या स्वस्त सरकारी कॉलेजांत) राज्याच्या रहिवाशांना युनिटमागे, म्हणजे क्रेडिटमागे, ४६ डॉलर फी. सहा युनिट्सचे २७६. पूर्ण पेलचे हक्कदार असाल तर सत्राला साधारण १,८४८ डॉलर येतात. फी वजा जाता उरलेले दीडेक हजार कॉलेज तुमच्या खात्यात टाकतं, पुस्तकं आणि प्रवासासाठी. त्या राज्याची फीमाफी वेगळी मिळाली तर ते २७६ सुद्धा वाचतात. म्हणजे शिक्षण खरंच फुकट झालं. पण फ्रीमॉन्टमधलं एका महिन्याचं घरभाडंही त्यात निघत नाही. पेलच्या भरवशावर नोकरी सोडायची नसते ती यासाठी. फी आणि पुस्तकांसाठी भरवसा ठेवा, चुलीसाठी नको.

ग्रँट फक्त तुमच्या ठरलेल्या अभ्यासक्रमातल्या विषयांना लागू होते, हौसेने घेतलेल्या योगाच्या तासाला नाही. इंग्रजी सुधारायचं असेल तर आधी गावातल्या अ‍ॅडल्ट स्कूलचे फुकट वर्ग करा, त्यात ग्रँट खर्ची घालू नका. कारण पेलचा आयुष्यभराचा कोटा ठरलेला आहे: पूर्णवेळच्या बारा सत्रांइतका. अर्धवेळ शिकलात तर तो त्याच प्रमाणात हळू संपतो, हे बरं आहे.

कोर्स अगदी छोटा असेल, तर १ जुलै २०२६ पासून 'वर्कफोर्स पेल' नावाचा नवा प्रकार कायद्याने आला आहे. तो ८ ते १५ आठवड्यांच्या आतल्या नोकरीभिमुख अभ्यासक्रमांसाठी आहे. राज्याच्या गव्हर्नरची मान्यता मिळालेलेच कोर्स त्यात येतात, तेव्हा कोर्सचं नाव घेऊन कॉलेजला विचारा.

सहावी पायरी: मिळालेली ग्रँट टिकवणं

फॅफ्सा दरवर्षी नव्याने भरायचा. शिवाय प्रगतीची अट असते. बहुतेक कॉलेजांत ४ पैकी सरासरी २.० जीपीए (गुणांची सरासरी) आणि घेतलेल्या क्रेडिट्सपैकी सुमारे दोन तृतीयांश पूर्ण करणं. मुलाचं आजारपण, बदललेली शिफ्ट, भारतात अचानक जावं लागणं, यांत मोठ्या विद्यार्थ्यांची गाडी घसरते. सत्राचा ६० टक्के काळ उलटण्याआधी सगळंच सोडलंत तर ग्रँटचा न वापरलेला हिस्सा परत जातो आणि कॉलेज तुमच्या नावाने बिल काढतं. पंधरा आठवड्यांच्या सत्रात हा टप्पा नवव्या आठवड्यात येतो. सोडायचंच असेल तर आधी एड ऑफिसला जाऊन तारीख विचारा. आई आजारी म्हणून थेट विमानतळ गाठणाऱ्यांना महिनाभराने ते बिल मिळतं.

पेल बसत नसेल तर

राज्यांकडे बघा. प्रौढांसाठी मुद्दाम काढलेल्या योजना गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. टेनेसी रिकनेक्ट २०१८ पासून आहे, मिशिगन रिकनेक्ट २०२१ पासून. न्यूयॉर्कने २०२५ च्या फॉल सत्रापासून २५ ते ५५ वयाच्या, पदवी नसलेल्यांना मागणी असलेल्या विषयांसाठी कम्युनिटी कॉलेज मोफत केलं. मॅसॅच्युसेट्समध्ये बॅचलर्स नसलेल्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजची शिकवणी फी नाही, उत्पन्न काहीही असो. न्यू जर्सीत ६५ हजार डॉलरपर्यंत एजीआय असणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेजची फी राज्य भरतं. यातल्या बहुतेकांचा हिशोब असा की आधी पेल वापरा, उरलेली फी आम्ही भरू. म्हणून पेल मिळणार नाही याची खात्री असली तरी फॅफ्सा भरावाच लागतो. राज्यात वर्षभर राहिल्याचा पुरावाही बऱ्याच ठिकाणी मागतात, तेव्हा आल्या दिवसापासून भाडेकरार आणि विजेची बिलं फेकू नका.

आणि पदवी झालेल्या, एच-४ वर असलेल्या, ज्यांना वरचं काहीच लागू नाही त्यांच्यासाठी 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट'. ही ग्रँट नाही, आयकरातली सूट आहे. भरलेल्या फीच्या २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त दोन हजार डॉलर. आधीची पदवी आड येत नाही, एकच कोर्स घेतला तरी चालतो, आणि किती वर्षं घ्यायची याला मर्यादा नाही. नवऱ्याबरोबर एकत्र रिटर्न भरणाऱ्या एच-४ वरच्या बाईलाही ती मिळू शकते. एकत्र उत्पन्न १ लाख ६० हजारांच्या वर गेलं की कमी होत जाते आणि १ लाख ८० हजारांना संपते. कर भरायचाच नसेल तर उपयोग शून्य. कॉलेज जानेवारीत १०९८-टी नावाचा फॉर्म देतं, तो टॅक्सच्या कागदांत ठेवा आणि रिटर्न भरून देणाऱ्याला आपणहून दाखवा.